ओकचं जुनं इंग्लिश खणांचं कपाट: नऊ महिने वापरल्यानंतर

सप्टेंबरात आमच्या लेस्टरच्या घरी हे कपाट आलं. १६८० च्या सुमाराचं, असं विकणाऱ्याने सांगितलं. आम्ही ९५० पौंड मोजले. चार खण, आणि समोरून पट्ट्या ठोकून केलेली भौमितिक नक्षी. आमच्या अरुंद जिन्यातून गादी नेतानाही घाम फुटला होता. कपाट मात्र आरामात वर गेलं, कारण ते दोन भागांत सुटतं. त्या काळातली अशी पुष्कळ कपाटं एकावर एक ठेवायच्या दोन भागांत केलेली असतात.

पहिले काही दिवस खण ओढवेनात. हल्लीचे खण तळावर सरकतात, हे लटकतात. खणाच्या बाजूच्या फळीत लांब खाच असते आणि कपाटाच्या आतली पट्टी त्या खाचेत बसते. साधी मेणबत्ती खाचांत घासली, काम झालं. भरलेला खण मात्र पूर्ण बाहेर ओढू नये, सगळा भार त्या झिजलेल्या पट्टीवर येतो.

डिसेंबरात हीटिंग सुरू झालं आणि एका रात्री वरच्या फळीला हातभर चीर गेली. फार वाईट वाटलं. पण बाजू शाबूत होत्या, आणि का, ते शोधताना मी या कारागिरांच्या प्रेमात पडले. कोरड्या हवेत लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळपास नाहीच. म्हणून बाजूच्या फळ्या चौकटीच्या खाचेत डिंकाशिवाय, मोकळ्या बसवल्या आहेत. चौकटीचे सांधे तेवढे लाकडी खुंट्यांनी पक्के. वरची फळी कडेने जखडलेली, तिला आकसायला जागाच नव्हती. आता रेडिएटरपासून कपाट दूर सरकवलंय; चीर वाढलेली नाही.

हे काम जॉइनरांचं, म्हणजे सांधे जोडून फर्निचर घडवणाऱ्या सुतारांचं. लंडनमधल्या त्यांच्या संघाला १५७१ मध्ये राजसनद मिळाली होती. १६३२ मध्ये शहराच्या ऑल्डरमननी, म्हणजे नगरकारभाऱ्यांनी, कार्पेंटर (साधे सुतार) आणि जॉइनर यांची कामं वाटून दिली, तेव्हा डोव्हटेल (पारव्याच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकणारे) आणि खाच-कुसवाचे (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसणारे) सांधे असलेलं फर्निचर जॉइनरांकडे गेलं. १६६० नंतर श्रीमंतांना अक्रोडाचं लाकूड आवडू लागलं, तरी गावोगावचे जॉइनर ओकच घडवत राहिले. आमच्या कपाटावर कुणाचं नाव नाही. खणाच्या तळाला खालून हात लावला की रंध्याचे उंचसखल फटकारे मात्र बोटांना लागतात.

पैठण्या मी यात थेट ठेवत नाही, कारण ओकमधून आम्लाची वाफ सुटते. चादरी आणि स्वेटर मजेत राहतात.

एक तक्रार आहे. गोल पाय नंतरचे आहेत, हे विकणाऱ्याने सांगितलं नाही. ओल्या जमिनीवर मूळ पाय कुजतात, ते बदलणं गैर नाही. सांगायला हवं होतं. घेणार असाल तर खण बाहेर काढून आतून बघा. आमच्या खणांना मुठींच्या भोकांच्या तीन जोड्या आहेत, म्हणजे मुठी निदान दोनदा बदलल्या. लोखंडी खिळ्यांभोवती ओक काळा पडलेला असेल तर तेही पाहा: लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य लोखंडाला लागलं की असे डाग उठतात.