निळ्या चौकटी दिसल्या होत्या, तरी मी हप्ता भरला

एका टीमकडून मी सॉफ्टवेअर बनवून घेत होते. चार महिने रोज सकाळी साडेनऊला पंधरा मिनिटांचा कॉल. दर शुक्रवारी रिपोर्ट. दर दोन आठवड्यांनी डेमो. कामांच्या बोर्डावर 163 तिकिटं, म्हणजे एकेका कामाच्या चिठ्ठ्या, त्यातली 118 'डन'च्या, म्हणजे झालेल्या कामांच्या, रकान्यात. आणि हातात काय आलं? एकही स्क्रीन चालत नाही. गेले मात्र 8,17,000 रुपये.

हे लिहायची लाज वाटते, कारण मी या क्षेत्रात नवखी नाही. आठ वर्षं प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर म्हणून काम केलंय. तरी लिहितेय, कारण ही टोळी अडाणी गिऱ्हाईक शोधत नाही. ज्याला स्प्रिंट (दोन आठवड्यांचा कामाचा टप्पा), बॅकलॉग (करायच्या कामांची यादी), बर्नडाउन (उरलेल्या कामाचा आलेख) हे शब्द कळतात आणि ते ऐकले की बरं वाटतं, त्यालाच ती गाठते. अडाणी माणसाने पहिल्याच आठवड्यात विचारलं असतं, "चालू करून दाखवा." मी विचारलं, "वेलॉसिटी किती?" म्हणजे एका स्प्रिंटमध्ये किती काम उरकतं.

काम साधं होतं. छोट्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट आणि रुग्णांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर. करार 9,60,000 चा. अ‍ॅडव्हान्स 2,40,000, पुढे दर दोन स्प्रिंटनंतर 1,20,000 असे सहा हप्ते. मी चार हप्ते भरले, म्हणजे 4,80,000. शिवाय सर्व्हरचे म्हणून महिन्याला 6,500, पाच महिन्यांचे 32,500. आणि वर एक 'चेंज रिक्वेस्ट', म्हणजे करारात नंतर केलेला बदल, 64,500. यातले 3,00,000 माझ्या दादाच्या निवृत्तीच्या पैशांतले.

पहिली ओळख एका फ्रीलान्सिंग प्लॅटफॉर्मवर झाली. दोन दिवसांत त्यांचा मॅनेजर म्हणाला, "मॅडम, इथलं कमिशन फुकट जातं, थेट करार करू, तेवढी सूट तुम्हाला देतो." यापुढे कुणी असं म्हणालं तर संभाषण तिथेच संपवा. कमिशन वाचत नाही, तुमच्या पैशांवरचं एकमेव कुलूप निघतं.

हप्ता कशावर ठरला होता ते सांगते, कारण खरी चलाखी तिथे आहे. दोन स्प्रिंटमध्ये ठरलेले स्टोरी पॉइंट पूर्ण झाले की हप्ता देय. स्टोरी पॉइंटला तास नाही, वजन नाही, दुसऱ्या टीमशी तुलना नाही. टीमने आपल्या अंदाजासाठी ठरवलेलं ते माप आहे. म्हणजे माप त्यांचं, मोजणारे ते आणि पैसे माझे. पहिल्या स्प्रिंटला 21 पॉइंट, मग 26, मग 34, मग 40. मी दादाला आलेख पाठवून लिहिलं होतं, 'टीम वेग पकडतेय.' करारात 'डन'ची व्याख्या नव्हती. आठ वर्षं दुसऱ्यांच्या प्रोजेक्टमध्ये मी सगळ्यात आधी तीच लिहून घ्यायचे. इथे त्यांनी 42 पानांचा प्रोजेक्ट प्लॅन पाठवला, त्यात संवादाचा तक्ता होता, जोखमींची यादी होती, कुणी कुणाला कधी कळवायचं याचा नकाशा होता. इतकं नीटनेटकं काम मी नोकरीतही पाहिलं नव्हतं. व्याख्या राहिलीय हे लक्षातच आलं नाही.

आता तो दिवस. चौथ्या स्प्रिंटचा डेमो. दादा मुद्दाम कॉलवर आला होता. त्यांचा डेव्हलपर स्क्रीन शेअर करून नवीन रुग्णाची नोंद दाखवत होता. त्याने नावाच्या रकान्यात एकदा क्लिक केलं आणि अख्खं नाव आडनावासकट एका झटक्यात उमटलं. एकेक अक्षर आलं नाही. की दाबल्याचा आवाज नाही. मग त्याचा क्लिक बटणाच्या जरा बाजूला पडला आणि स्क्रीनवर तीन-चार ठिकाणी निळ्या चौकटी चमकून गेल्या. अर्धा सेकंद असेल.

मी विचारलं, "हे निळं काय होतं?"

"डीबग मोड ऑन राहिलाय मॅडम. लाइव्हला दिसणार नाही."

त्या चौकटी मी शंभर वेळा पाहिल्या होत्या! फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोटोटाइप, म्हणजे स्क्रीनचा नुसता नमुना, चालवताना भलत्याच जागी क्लिक केलं की क्लिक करण्याच्या जागा अशाच निळ्या चमकतात. म्हणजे समोर सॉफ्टवेअर नव्हतं, एकामागून एक लावलेली चित्रं होती. मला ते त्या क्षणी कळलं होतं का? आतून कळलं होतं. मी म्हणाले, "एक नोंद माझ्या नावाने करून दाखवाल?" तो म्हणाला, "स्टेजिंगचा डेटाबेस आता रिफ्रेश होतोय, उद्या लिंक पाठवतो." तेवढ्यात दादा म्हणाला, "छान दिसतंय गं." आणि मी गप्प बसले. दादाच्या पुढ्यात आपणच निवडलेल्या माणसांवर संशय घ्यायचा, तोही रंगाच्या एका झळकेवरून, हे धाडस झालं नाही. त्याच संध्याकाळी मी दुसरा हप्ता भरला. लिंक आली नाही.

तोवर 3,73,000 गेले होते. तिथे थांबले असते तर 4,44,000 वाचले असते. हा आकडा मला झोपेतही आठवतो.

लोक म्हणतात, इतके दिवस तुला शंका कशी आली नाही? मी उलट विचारते, कशावरून यावी? फसवणारे फोन उचलत नाहीत, असंच आपण ऐकत आलो. हे तर दहा मिनिटांत उत्तर द्यायचे. एखादं काम रखडलं तर माझ्याआधी तेच सांगायचे, कारण सांगायचे, नवी तारीख द्यायचे, माफी मागायचे. बग आला, बग सुटला, टेस्टरने पुन्हा उघडला, पुन्हा सुटला, अशी तिकिटावर तीस-तीस कॉमेंट. न झालेल्या कामाबद्दल इतकं खोटं कुणी रोज बसून लिहील, असं कुणाच्या मनात येईल?

त्या कॉमेंट मी नंतर सलग वाचल्या. मॅनेजर, डिझायनर, टेस्टर आणि एक डेव्हलपर, चार नावं. चौघेही स्वल्पविरामाच्या आधी जागा सोडायचे. चौघेही! टेस्टरचा कॅमेरा चार महिन्यांत एकदाही चालू झाला नव्हता.

सहाव्या स्प्रिंटनंतर त्यांनी स्वतःहून कबूल केलं की प्रोजेक्ट मागे पडलाय. उपाय काय, तर दोन जादा डेव्हलपर, 64,500 रुपये. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 मध्ये लिहून ठेवलंय. मी हे नवीन मुलांना शिकवलंय. पण अडकलेला पैसा सोडवायला माणूस आणखी पैसा घालतो, आणि तेव्हा पाठ केलेलं काही कामाला येत नाही. मी तेही भरले.

आठव्या स्प्रिंटनंतर, चौथा हप्ता गेल्यावर, मी कोड मागितला. आठवडाभराने एक झिप फाइल आली आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलवर कुणी नाही. ओळखीच्या एका मुलाला फाइल दाखवली. वीस मिनिटांत त्याने सांगितलं, "ताई, हे फुकट मिळणारं अ‍ॅडमिन टेम्प्लेट आहे, स्क्रीनचा तयार साचा. फक्त नाव बदललंय, लायसन्सची फाइल उडवलीय. मागे डेटाबेसच नाही." गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीत, 214 कमिट (एकेका बदलाच्या नोंदी) होते, चार महिन्यांत छान पसरलेले, सुट्टीचे दिवससुद्धा वगळून. पण गिट प्रत्येक कमिटच्या दोन तारखा ठेवतं, कोड लिहिल्याची आणि कमिट प्रत्यक्ष नोंदल्याची. लॉगमध्ये, म्हणजे या नोंदींच्या साध्या यादीत, पहिलीच दिसते आणि ती हवी ती टाकता येते. दुसरीही बदलता येते, पण त्याचा त्यांनी कंटाळा केला असावा. दोन्ही तारखा दाखवणाऱ्या 'फुलर' फॉरमॅटमध्ये लॉग काढला तर 214 कमिट एकाच रात्रीचे, 11:12 ते 11:50. कमिटवरच्या नावाचंही तसंच, गिट ते पडताळत नाही. रिपॉझिटरी, म्हणजे कोड ठेवायची जागा, पहिल्या दिवसापासून तुमच्या खात्यावर हवी. त्यांच्या खात्यावरचा 'व्ह्यू अ‍ॅक्सेस' नको, तुमचं खातं, आणि त्यांना तुम्ही दिलेला प्रवेश. डोमेन आणि सर्व्हरही तसेच. मी 32,500 ज्या सर्व्हरचे भरले त्याचं बिल एकदाही मागितलं नाही.

आता दाद मागण्याचं ऐका. प्लॅटफॉर्मने दोन ओळींत कळवलं की व्यवहार बाहेर झाला, आमचा संबंध नाही. त्यांच्याकडे त्या माणसांची ओळखपत्रं आहेत, ती देणार नाहीत आणि त्यांचं प्रोफाइलही काढणार नाहीत. ते प्रोफाइल आजही चालू आहे! बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, ओटीपी तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात तीन वेळा गेले. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा विचारलं, "करार आहे ना? मग हे दिवाणी, कोर्टात जा." तिसऱ्यांदा मी स्क्रीनशॉट, लॉग, तिकिटं असं 140 पानांचं बाड घेऊन गेले. अधिकाऱ्यांनी पहिलं पान पाहिलं आणि विचारलं, "फाइल मिळाली की नाही?" मिळाली, पण त्यात काही नाही. "म्हणजे माल मिळाला. आवडला नाही, इतकंच." मी बोर्ड उघडून दाखवायला लागले, तर म्हणाले, "यात तर सगळं पूर्ण दिसतंय की." 118 तिकिटं 'डन', आणि प्रत्येकाखाली मान्यता माझ्याच नावाची. त्यांनी रोज माझ्याकडून बारीकसारीक मान्यता का घेतल्या, ते तिथे त्या बाकावर बसल्यावर समजलं. तो सगळा संवाद माझ्याविरुद्धचा पुरावा होता, आणि तो मीच लिहून देत होते. ग्राहक तक्रारीलाही अडवलं, धंद्यासाठी घेतलंत म्हणे, तुम्ही ग्राहक नाही. फौजदारी नाही, ग्राहक नाही, मग मी आहे तरी कोण?

मान्यता देण्याआधी स्वतःच्या हाताने चालवून बघा. डेमोत माउस तुमच्याकडे घ्या, नाव तुम्ही टाका, पान रिफ्रेश करा, तुमच्या फोनवर तीच नोंद दिसते का पाहा. 2001 मध्ये सतरा जणांनी अजाइलचा, म्हणजे छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला, त्याच्या तत्त्वांत प्रगतीचं मुख्य माप म्हणून चालणारं सॉफ्टवेअरच सांगितलंय. पॉइंट नाहीत, आलेख नाहीत. हप्ता त्यालाच बांधा, 'रुग्णाची नोंद आमच्या सर्व्हरवर होते आणि दुसऱ्या दिवशीही सापडते' अशा भाषेत. आणि टीममधल्या प्रत्येकाशी एकदा तरी समोरासमोर, मॅनेजरशिवाय बोला.

वकिलांनी नोटिशीचे 7,500 घेतले, ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. करारावरच्या पत्त्यावर नोटीस पाठवली. अकराव्या दिवशी लिफाफा परत आला, वर पेनने 'या नावाचे कोणी नाही' असा शेरा. दादाने तो माझ्या हातातून घेतला, उलटसुलट पाहिला आणि काही न बोलता टेबलावर ठेवला.