गुप्तहेर एजन्सी, रत्नागिरी-सिंधुदुर्ग: पायपीट चांगली, कागद कच्चा

कार्यालय मुंबईत, कामं चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत. एजन्सीचं नाव देत नाही, कारण खालच्या उणिवा या धंद्यात सर्रास सापडतात. पाळतीला पाचपैकी चार, कागदपत्रांना दोन.

पाळत चांगली, कारण माणूस स्थानिक आहे. वाडीत अनोळखी माणूस दोनदा दिसला की 'कोणाकडे आलात?' हा प्रश्न येतोच, आणि मुंबई पासिंगची गाडी तर लगेच डोळ्यात भरते. यांच्याकडे एमएच-०८ आणि एमएच-०७ च्या दुचाक्या आहेत. नोंदी वेळ-ठिकाणासह, मत न घालता लिहिलेल्या. कॉल डिटेल्स मिळणार नाहीत, असं त्यांनी आधीच लेखी कळवलं, हेही बरं. ते पोलिसांना तपासात किंवा न्यायालयाच्या आदेशानेच मिळतात. 'आतून काढून देतो' म्हणणारा गिऱ्हाइकालाही अडकवतो.

पाटीवर 'सरकारमान्य' लिहिलंय, त्याला अर्थ नाही. २००५ चा खासगी सुरक्षा एजन्सी कायदा पहारेकऱ्यांसाठी आहे. गुप्तहेरांसाठी २००७ मध्ये विधेयक आलं, पण त्याचा कायदा झालाच नाही. म्हणजे धंदा बेकायदा नाही, पण गुप्तहेराला पोलिसांचा एकही अधिकार नाही.

खरी गडबड पुराव्याच्या कागदात. फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की ते दाबले जातात, वेळ-ठिकाणाची माहिती गळते आणि हॅश (फाइलची ओळख पटवणारा, बोटांच्या ठशासारखा संकेतांक) बदलतो. मूळ मेमरी कार्ड मागितलं तर 'पुसून परत वापरलं' हे उत्तर. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३(४) प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्राचे दोन भाग लागतात. भाग 'अ' उपकरण ज्याच्या ताब्यात होतं त्याचा, भाग 'ब' तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश लिहायचा. जुन्या कायद्यात हे कलम ६५ब होतं. मूळ उपकरणाऐवजी दिलेल्या दुय्यम प्रतीला प्रमाणपत्र हवंच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर प्रकरणात सांगितलं. एजन्सीने दिला तो नुसता छापील अहवाल. पाळत ठेवणारा साक्षीला येऊन उलटतपासणीला उभा राहिला नाही, तर तो अहवाल ऐकीव ठरतो.

जाहिरातीत सर्वोच्च न्यायालयाच्या विभोर गर्ग निकालाचा (जुलै २०२५) हवाला आहे, तोही अर्धवट. जोडीदाराशी झालेलं स्वतःचं संभाषण गुपचूप रेकॉर्ड केलं असेल तर घटस्फोटाच्या दाव्यात ते चालतं, एवढंच तो सांगतो. एजन्सीने दुसऱ्याच्या खोलीत माइक लपवावा, असं त्यात कुठेच नाही. गैरमार्गाने मिळाला एवढ्यावरून पुरावा बाद होत नाही, हे १९७३ च्या पूरणमल निकालापासून ठरलेलं आहे, पण तो मिळवताना केलेला गुन्हा सुटत नाही. बाईच्या ईमेलवर नजर ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ (पाठलाग) खाली येऊ शकतं.

लग्नाआधीच्या चौकशीतला 'संपत्ती अहवाल' घेऊ नका. डिजिटल सहीचा सातबारा सरकारी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. शिवाय कोकणात एका सातबाऱ्यावर अख्खी भावकी असते, त्यामुळे 'कलमांची बाग आहे' या वाक्यातून हिस्सा कळत नाही. फेरफार बघावेच लागतात.

करारात तीन गोष्टी लिहून घ्या: मूळ कार्ड सीलबंद मिळेल, भाग 'अ' वर पाळत ठेवणाऱ्याचीच सही असेल, आणि रत्नागिरी किंवा ओरोसच्या न्यायालयात तो साक्षीला येईल, प्रवासखर्च कोणाचा त्यासकट. तोवर उरलेले पैसे देऊ नका.