नको असलेले टॅब: क्रोमची सोय की युब्लॉक?

पंचवटीतल्या आमच्या घरी बाबा रोज सकाळी लॅपटॉपवर लासलगावचा कांद्याचा भाव बघतात. भावाच्या आकड्यावर क्लिक केलं की शेजारी 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' असा लाल टॅब उघडायचा. बाबा घाबरून जायचे.

क्रोमच्या सेटिंगमध्ये 'पॉप-अप आणि रीडिरेक्ट'ला मुळातच बंदी असते. आपोआप उघडणाऱ्या खिडक्या ते अडवतं. पण क्लिक आपणच केलं, तर नवा टॅब आपल्यालाच हवा होता असं ते धरतं, आणि फसव्या जाहिराती नेमक्या त्या क्लिकवरच टपून बसतात. म्हणून मला युब्लॉक ओरिजिन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, जास्त भरवशाचं वाटतं. ते जाहिरातींच्या तयार याद्यांवरून जाहिरातीचा कोडच येऊ देत नाही, मग क्लिकला चिकटायला सहसा काही उरत नाही. फायरफॉक्स या ब्राउझरवर ते पूर्ण चालतं, क्रोमवर आता त्याची लाइट आवृत्ती घ्यावी लागते. अँड्रॉइडच्या क्रोमवर एक्स्टेन्शनच बसत नाही, तिथे फायरफॉक्स वापरा.

दोन्हींत एक अडचण सारखी: कधीकधी कामाची खिडकीही अडते. बिलाची पावती उघडेना, तर तेवढ्या साइटला परवानगी द्या.

बाबांच्या लॅपटॉपवर मी फायरफॉक्स आणि युब्लॉक टाकलं. आता भाव बघताना ते मला हाक मारत नाहीत.