चादर-लाइट की घरी अळ्या? मोठ्या पतंगांचे फोटो काढायचेत त्यांच्यासाठी

सातारा-सांगलीकडं मोठे रेशीम पतंग म्हणजे चंद्रपतंग, टसर आणि नशीब जोरावर असेल तर ॲटलास. पाऊस सुरू झाला की हंगाम, आणि प्रश्न एकच, त्यांना लाइटवर बोलवायचं का घरी वाढवायचं.

मेढा, बामणोली, पाटण असं झाडीच्या कडेला घर असेल तर सरळ पांढरी चादर टांगा, उजेडाला आलेले पतंग तिच्यावर बसतात. समोर 160 वॅटचा मर्क्युरी बल्ब नाहीतर पॉवर बँकवरची यूव्ही (अतिनील) एलईडी, रात्र अमावस्येच्या आसपासची, ढगाळ आणि वारा पडलेला, बास. एका रात्रीत पन्नास जातीचे बारके पतंगपण दिसतात ही मजा वेगळीच, पण मोठी मंडळी बऱ्याचदा बारानंतर येतात आणि येऊन बल्बभोवती अशी आपटतात की चंद्रपतंगाच्या त्या लांब शेपट्यांचं वाटोळं होतं. त्यात फ्लॅश मारला की चादर पांढरीफटक आणि पतंग काळा. काडीवर अलगद घेऊन शेजारच्या फांदीवर बसवा, मग काढा. आणि झोपायच्या आधी लाइट बंद करा राव, नाहीतर पहाटे कोतवाल पक्ष्याचा नाष्टा होतो.

मिरज-तासगावकडं ऊस-द्राक्षाच्या पट्ट्यात राहत असाल तर मी अळ्याच म्हणेन. बोर, अर्जुन, ऐन या झाडांवर टसरची हिरवी जाडजूड अळी शोधायची, तिला ज्या झाडावर सापडली त्याचाच ताजा पाला रोज द्यायचा, रोज म्हणजे रोज, गावाला जायची सोय नाही. कोश अंड्याएवढा, टणक, देठानं फांदीला घट्ट धरलेला असतो. तो कधीकधी पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसाच लटकतो, त्यामुळं घाई असणाऱ्यानं या नादाला लागू नये. पण पतंग कोशातून बाहेर आल्यावर पंख ताणून सुकतात तेव्हाचा फोटो, एक ओरखडा नाही, खवला न खवला जागेवर, चादरीवर तो जन्मात मिळत नाही. शिवाय मादी निघाली तर जाळीच्या पेटीत रात्री गॅलरीत टांगा, तिच्या वासावर पिसासारख्या मिशांचे जंगली नर आपणहून येतात, लाइटचा खर्चच नाही. प्रौढाला खायला द्यायची भानगडपण नाही, त्याला तोंडच कामाचं नसतं, आठवडाभर जगतो, म्हणून फोटो झाले की त्याच रात्री सोडून द्यायचा.

मोबाइलवाल्यांना दोन्हीकडं चालतं, पतंग तळहाताएवढा असल्यावर मॅक्रो लेन्स कशाला, टॉर्चवर टिश्यू पेपर लावला तरी उजेड मऊ पडतो.

कोयना-चांदोलीच्या राखीव जंगलाच्या हद्दीत मात्र परवानगीशिवाय चादरपण नाही आणि अळी उचलणंपण नाही.