बॅकग्राउंडवर्कर की प्रोग्रेस क्लास? दोन्ही वापरून झालेलं माझं मत

नवं सॉफ्टवेअर लिहायला घेताय? मग सरळ असिंक-अवेट (स्क्रीन न अडवता कामाची वाट पाहण्याची सोय) आणि प्रोग्रेस क्लास घ्या. विंडोजच्या खिडक्या बनवणाऱ्या विनफॉर्म्सचा जुना प्रोजेक्ट सांभाळताय आणि त्यात बॅकग्राउंडवर्कर नीट चालतोय? मग केवळ जुना झाला म्हणून तो उपटून टाकू नका. लांबलचक काम चालू असताना स्क्रीन न गोठवता त्याची प्रगती दाखवायला लागणारी, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या सॉफ्टवेअर लिहिण्याच्या चौकटीतली ही दोन्ही साधनं माझ्या रोजच्या वापरातली आहेत, म्हणून निकाल आधी सांगितला. कारणं आता सांगते.

मी ठाण्याला नौपाड्यात बसून काम करते. गिऱ्हाइकं बहुतेक व्यापारी. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्याचं काम आलं तेव्हा तिथे आधीच कुणीतरी करून दिलेलं सॉफ्टवेअर होतं. शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या त्यातून निघायच्या: गोण्या, वजन, भाव, आणि हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम. महिनाअखेरीला सगळ्या पट्ट्यांच्या पीडीएफ एकदम काढायच्या. हे सगळं बटणाच्या क्लिकमध्येच, म्हणजे स्क्रीन रंगवणाऱ्या थ्रेडवरच (थ्रेड म्हणजे प्रोग्राममधली कामाची एक स्वतंत्र रांग) चालायचं. एखाद्या विंडोनं पाच सेकंद एकही संदेश उचलला नाही की विंडोज ती अडकली असं धरतं, तिला पांढुरकी करतं आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहितं. आत काम व्यवस्थित चालू असतं, पण गाळ्यावरच्या मेहताजींना ते कळणार कसं? ते टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम बंद करायचे आणि मग कोणत्या पट्ट्या निघाल्या, कोणत्या राहिल्या, हे शोधत बसायचे. मला ते म्हणाले, “ताई, चालू आहे का लटकलंय, एवढं तरी कळायला हवं की नको?” या साधनांची पारख याच प्रश्नावर करायला हवी असं मला मनापासून वाटतं.

बॅकग्राउंडवर्कर २००५ साली डॉटनेट २.० सोबत आला. टूलबॉक्समधून उचलून फॉर्मवर टाकायचा आणि तीन इव्हेंट (ठरावीक क्षणी आपोआप चालणारे कोडचे तुकडे) लिहायचे: डूवर्कमध्ये खरं काम, प्रोग्रेसचेंज्डमध्ये स्क्रीनवरचा प्रगतीचा पट्टा पुढे सरकवणं, रनवर्करकम्प्लीटेडमध्ये आवराआवर. डूवर्क दुसऱ्या थ्रेडवर चालतं, उरलेले दोन इव्हेंट आपसूक स्क्रीनच्या थ्रेडवर येतात. थ्रेडचं काहीही न शिकलेल्या माणसाला इतकं सुरक्षित साधन हातात देणं ही मोठी गोष्ट होती, आजही आहे. नव्या मुलांना मी आधी हेच शिकवते, कारण कोणता कोड कोणत्या थ्रेडवर चालतो हे तीन इव्हेंटमध्ये स्वच्छ दिसतं.

दोन जागा मात्र सांभाळा. प्रगती कळवण्याची आणि काम रद्द करण्याची अशी दोन्ही सेटिंग्ज मुळात बंद असतात. पहिलं चालू न करता रिपोर्टप्रोग्रेस बोलावलंत तर अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे चूक) फेकला जातो. दुसरी जागा जास्त घातक. डूवर्कमध्ये फुटलेला अपवाद बाहेर येत नाही, तो शेवटच्या इव्हेंटच्या एररमध्ये गुपचूप येऊन बसतो. तो तपासला नाही तर डिस्क भरल्यामुळे अर्ध्यावर थांबलेलं कामसुद्धा ‘पूर्ण झालं’ असं दिसतं. पैशांच्या कागदांच्या बाबतीत हे चालणार नाही.

त्याची खरी मर्यादा कळते ती एकामागून एक कामं असली की. आधी पीडीएफ, मग ईमेल, मग बॅकअप. प्रत्येकाचे तीन इव्हेंट, आणि पहिल्याच्या शेवटातून दुसऱ्याची सुरुवात. काही महिन्यांनी तो कोड उघडला की धागा सापडत नाही.

प्रोग्रेस क्लास डॉटनेट ४.५ मध्ये, २०१२ साली, असिंक-अवेटसोबतच आला, आणि तिन्ही कामं एकाच पद्धतीत वरून खाली वाचता येऊ लागली. मला तो आवडतो त्याचं मुख्य कारण वेगळंच आहे. पट्ट्या काढणाऱ्या फंक्शनला फक्त आयप्रोग्रेस, म्हणजे ‘प्रगती इथे कळव’ एवढंच सांगणारा इंटरफेस, द्यायचा. समोर प्रोग्रेसबार आहे, लेबल आहे की चाचणीचा कोड, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. शिवाय टक्क्यांऐवजी हवी ती वस्तू पाठवता येते: कितवी पट्टी, कुणाची, कोणत्या गावची. बॅकग्राउंडवर्करमध्येही जास्तीची वस्तू पाठवता येते, पण ती ऑब्जेक्ट म्हणून येते आणि आपल्याला तिचा प्रकार बदलून घेत (कास्ट करत) बसावं लागतं.

एक पथ्य काटेकोर पाळा. प्रोग्रेसचा ऑब्जेक्ट स्क्रीनच्या थ्रेडवरच तयार करा. तो जन्मतानाच तिथला सिंक्रोनायझेशन कॉन्टेक्स्ट (परत याच थ्रेडवर यायचा पत्ता) पकडून ठेवतो. दुसऱ्या थ्रेडवर काम पाठवणाऱ्या टास्क-रनच्या आत तयार केलात तर पकडायला काही नसतं, प्रगती दाखवणारा कॉलबॅक थ्रेडपूलमधल्या दुसऱ्याच थ्रेडवर जातो आणि लेबलला हात लावताच क्रॉस-थ्रेडची चूक समोर येते.

आता दोघांनाही लागू असलेली गोष्ट: प्रत्येक ओळीमागे प्रगती कळवू नका. हजारो संदेश रांगेत आले की ते उपसतानाच स्क्रीन गोठते, आणि ज्यासाठी एवढं केलं तेच फुकट जातं. मी सेकंदाला जास्तीत जास्त दहाच वेळा कळवते. डोळ्याला तेवढं भरपूर होतं.

विनफॉर्म्सच्या प्रोग्रेसबारबद्दल मात्र तक्रार आहे. व्हिस्टापासून हिरवा पट्टा सावकाश सरकण्याचं अ‍ॅनिमेशन आलं. किंमत शंभर दिली तरी पट्टा मागेच रेंगाळतो, आणि ‘सर्व पट्ट्या तयार’ हा निरोप येतो तेव्हा तो अजून भरलेलाच नसतो. मेहताजींच्या नजरेतून हे सुटत नाही: “ताई, शेवटच्या राहिल्या वाटतं.” उपाय असा की किंमत एकनं जास्त द्यायची आणि लगेच एकनं कमी करायची, कारण उतरती किंमत तो तत्काळ रंगवतो. शंभरावर आलात की कमाल मर्यादाही क्षणभर एकनं वाढवावी लागते. जुनी युक्ती आहे, आणि अजून लागते.

रद्द करण्याचं काम २०१० च्या डॉटनेट ४.० पासूनच्या कॅन्सलेशन टोकननं (‘थांब’ हा निरोप कामापर्यंत नेणाऱ्या वस्तूनं) फार नेटकं होतं. मी टोकन दोन पट्ट्यांच्या मधेच तपासते, पट्टी अर्धी असताना कधीच नाही. बटण दाबलं की त्यावर ‘ही पट्टी झाली की थांबतो’ असं येतं. आकडा नि गावाचं नावही सतत दिसतं. एकूण संख्या माहीत नसेल, उदाहरणार्थ सर्व्हरकडून माहिती येत असेल, तेव्हा खोटे टक्के दाखवण्यापेक्षा मार्की शैलीचा फिरता पट्टा लावा.

कामाच्या मधेच स्क्रीनचे साचलेले संदेश उपसणाऱ्या डूइव्हेंट्सचा शॉर्टकट अजूनही काही जण सुचवतात. घेऊ नका. त्यानं स्क्रीन हलती राहते, पण काम चालू असतानाच तेच बटण पुन्हा दाबता येतं आणि एकाच शेतकऱ्याच्या दोन पट्ट्या निघू शकतात. डॉटनेट ९ मध्ये, नोव्हेंबर २०२४ पासून, विनफॉर्म्सच्या कंट्रोलना, दुसऱ्या थ्रेडवरून स्क्रीनच्या थ्रेडवर काम पाठवणारं, इन्व्होकअसिंक मिळालं आहे. नव्या प्रोजेक्टमध्ये तेही हाताशी असू द्या.

गुण द्यायचे तर बॅकग्राउंडवर्करला पाचपैकी साडेतीन, प्रोग्रेसला साडेचार. अर्धा कापला तो दोन कारणांनी. संदेशांचा वेग आवरण्याची सोय त्यात नाही, ती प्रत्येकानं आपापली लिहायची. आणि रिपोर्ट ही पद्धत थेट प्रोग्रेसच्या व्हेरिएबलवर दिसतच नाही, व्हेरिएबल आयप्रोग्रेस प्रकारचं जाहीर करावं लागतं. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं हमखास तिथेच अडतात.