डायमेलो-सीक: सेंट्रोमियरवाल्यांनी जरूर, बाकीच्यांनी खिसा पाहून

आमचं काम सेंट्रोमियरवर, म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्र जिथून ओढलं जातं त्या जागेवर, त्यामुळे डीएनएवर प्रोटीन कुठे बसतं हे शोधणाऱ्या चिप-सीक या पद्धतीशी कधी जमलंच नाही. डीएनए तोडा, अँटिबॉडीने प्रोटीनसकट ओढून काढा, छोटे तुकडे वाचा, इथवर ठीक. पण सेंट्रोमियरमधला 171 बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) अल्फा सॅटेलाइट हा क्रम हजारो वेळा लागोपाठ आला की हातातला तुकडा नेमका कुठला, हे कोण सांगणार? कट-अँड-रन या नंतरच्या पद्धतीमुळे बॅकग्राउंड (नको असलेला गोंगाट) घटला, तुकडे मात्र छोटेच राहिले.

2022 साली आलेल्या डायमेलो-सीकमध्ये प्रोटीनची जागा शोधायला डीएनए तोडावा लागत नाही. अँटिबॉडी आपल्या प्रोटीनवर बसते, तिला प्रोटीन-ए धरतं आणि त्याला जोडलेलं एचआयए5 हे एन्झाइम शेजारच्या डीएनएमधल्या ॲडेनिन या बेसवर मिथाइल गटाची खूण करतं. माणसाच्या डीएनएत ही खूण मुळात जवळपास नसतेच. मग डीएनएचा तो लांब रेणू, प्रती न काढता, थेट नॅनोपोअरमधून, म्हणजे सूक्ष्म छिद्रातून सरकवून, वाचायचा. मी खूश झाले ती इथे: सेंट्रोमियरची ओळख ठरवणारं सेनपी-ए हे प्रोटीन कुठे बसलंय आणि त्याच रेणूवर सायटोसिन या बेसचं नैसर्गिक मिथायलेशन कुठे उतरलंय, दोन्ही एकाच रीडमध्ये! चिप-सीकच्या गुळगुळीत शिखरांना सरावलेल्या डोळ्यांना सुरुवातीला हे सगळं विस्कटलेलं दिसतं, पण पेशी तशाच असतात.

आता खर्च. पीसीआर केला, म्हणजे डीएनएच्या प्रती काढल्या, की खुणा जातात, म्हणून पेशी भरपूर लागतात, साधारण 10 लाख धरा. शिवाय हव्या त्या जागाच तेवढ्या निवडून वाचायची सोय मूळ पद्धतीत नाही. अख्खा जिनोम वाचावा लागतो. सेंट्रोमियरपुरती एक पळवाट आहे: ठरावीक क्रमावर डीएनए कापणाऱ्या रिस्ट्रिक्शन एन्झाइमने बाकीच्या डीएनएचा चुरा करायचा, अल्फा सॅटेलाइट लांबच राहतो, मग आकारावरून तो वेगळा काढायचा. सीटीसीएफसारख्या प्रोटीनच्या साध्यासुध्या जागा शोधायच्या असतील तर कट-अँड-रनच करा, उगाच फ्लो सेल (वाचनयंत्रातली चिप) जाळू नका.

मोकळ्या क्रोमॅटिनवर (प्रोटीनसकट असलेल्या डीएनएवर) अँटिबॉडीला न धरलेलं भटकं एन्झाइमही खुणा करतं. म्हणून आयजीजीचा (कुठल्याही ठरावीक प्रोटीनवर न बसणाऱ्या अँटिबॉडीचा) आणि सुट्या एन्झाइमचा, असे दोन्ही कंट्रोल हवेतच. गाईड कितीही कुरकुरले तरी. अँटिबॉडीचं म्हणाल तर आमची एक वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन ओळखायच्या नेहमीच्या चाचणीत) झकास चालायची, इथे ढिम्म. तेव्हा सिक्वेन्सिंगला पाठवण्याआधी थोड्या पेशी इम्युनोफ्लुओरेसन्सखाली (चमकणाऱ्या अँटिबॉडीने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली) बघून घ्या. एन्झाइम जिथे जायला हवं तिथे गेलंय की नाही, हे त्याच संध्याकाळी कळतं.