विहिरीच्या पाण्यातील फवारणीच्या औषधाचा अंश दाखवणारा रंगबदल संच: तासगाव तालुक्यातील हंगामभराचा वापर

फळछाटणीनंतरच्या फवारण्या सुरू झाल्या की द्राक्षबागेला लागून असलेल्या विहिरीचे पाणी प्यायला घ्यावे की नाही, हा प्रश्न आमच्या मळ्यात दरवर्षी उभा राहतो. म्हणून यंदा सोन्याच्या नॅनोकणांवर (अतिसूक्ष्म कणांवर) चालणारा तपासणी संच मागवला.

सोन्याचे कण सुटे असतात तोवर द्रावण माणकासारखे लाल दिसते आणि कण एकमेकांना चिकटले की ते निळसर-जांभळे होते. पाण्यात औषध नसेल तर संचातील ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम थायोकोलिन नावाचा पदार्थ तयार करते, तो कणांना एकत्र आणतो व रंग निळा होतो. मोनोक्रोटोफॉस किंवा मिथोमिल यांसारखे कीटकनाशक असेल तर एन्झाइमच बंद पडते आणि रंग लाल राहतो. येथे लाल म्हणजे धोका, हे घरातील प्रत्येकाला आधी समजावून सांगावे लागते, आणि तरीही माहितीपत्रक फक्त इंग्रजीत आहे, ही मला गंभीर उणीव वाटते.

विहिरीच्या पाण्यावर संच चांगला चालला. बोअरच्या पाण्याने मात्र मी जवळजवळ फसलो होतो. रंग झटकन निळा झाला तेव्हा सर्वांना हायसे वाटले. परंतु शंका आली म्हणून एन्झाइम न घालता केवळ सोन्याचे द्रावण त्या पाण्यात मिसळून पाहिले, तर तेही निळे झाले. पाण्यातील क्षारच कणांना चिकटवत होते, म्हणजे तो निळा रंग निर्धोकपणाचा पुरावा नव्हताच. आमच्याकडील जड पाण्यासाठी ही जोडचाचणी अनिवार्य असताना पत्रकात तिचा उल्लेखही नाही.

दुसरी मर्यादा पद्धतीतच आहे. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक या एन्झाइमवर काम करत नाही, भुरी या बुरशीजन्य रोगासाठी मारलेले हेक्झाकोनॅझोलही नाही. त्यामुळे बागेत सर्रास वापरली जाणारी ही औषधे येथे दिसत नाहीत. शिवाय रंग औषधाचे नाव सांगत नाही, आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मोनोक्रोटोफॉसची मर्यादा लिटरला 1 मायक्रोग्रॅम, तर क्लोरपायरीफॉस या दुसऱ्या कीटकनाशकाची 30 आहे. म्हणजे केवळ लाल रंगावरून मर्यादा ओलांडली की नाही हे ठरवता येत नाही.

एन्झाइमची कुपी फ्रीजमध्येच ठेवावी. विहिरीसाठी मी हा संच पुन्हा घेईन. लाल रंग आला त्या दिवशी आम्ही ते पाणी पिणे थांबवले आणि काचेच्या बाटलीत नमुना भरून प्रयोगशाळेत दिला. बोअरचा नमुना यापुढे थेट तिकडेच जाईल.